मूळ पेशी आणि गोपद्मांच्या ओळी

त्या वर्षी मी महादेवाशी बोलणं सोडलं होतं. अंबरनाथच्या शिवमंदिरात सोमवारी जायचा नेम मात्र चालू होता. लग्न होऊन त्या गावात आले तेव्हापासूनचा नेम, तो मोडायची हिंमत झाली नाही. जायचं, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात शिरायचं, पिंडीवर पाणी घालायचं, बेल वाहायचा आणि चकार शब्द न काढता वर यायचं. शेजारणीशी बिनसलं तरी नळावर भेट होतेच, आपण मुकाट्याने हंडा भरतो आणि घरी येतो, तसं आमचं चाललं होतं. एरवी माझं तोंड देवापुढे बंद नसायचं. घरात काय शिजलं इथपासून कोण काय बोललं इथपर्यंत सगळं मी त्याला सांगायचे, आणि मनासारखं झालं नाही तर त्याला बोलही लावायचे. इतकी वर्षं त्याने ते ऐकून घेतलं. मग आमच्या ह्यांचं दुखणं वाढत गेलं, मी मागत गेले, आणि तिकडून काही उत्तर येईना. शेवटी मी म्हटलं, तू बोलत नाहीस ना, मग मीही बोलत नाही.

हे अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंड असं कातायचे की हात फिरवला तर काच वाटावी. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं. मी मंदिरात गेले की ते बाहेर झाडाखाली पेपर वाचत बसायचे, आणि प्रसाद हातावर ठेवला की 'महादेवाला माझा नमस्कार सांगितलास ना?' असं विचारून खायचे. निवृत्त झाल्यावर आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात ब्लॉक घेतला, आणि तिथे गेल्यावर वर्षभरातच त्यांचा उजवा हात थरथरू लागला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरायचे, हातात माळ असावी तसे. मी चेष्टेने म्हणायचे, 'चला, नाव घ्यायला लागलात एकदाचे.' तेही हसायचे. पुढे डॉक्टरांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन, असं आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा ती चेष्टा मला फार दिवस टोचत राहिली.

गोळ्यांनी सुरुवातीला चांगला गुण आला. हात शांत झाला, चेहऱ्यावर हसू परतलं, आणि मला वाटलं की निभावलं. पण काही वर्षांनी आजार पायात उतरला. चालता चालता ते मध्येच थांबायचे, आणि नेमके दारात. हॉलमधून स्वयंपाकघरात यायचं तर चौकटीपाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. वरचं अंग पुढे जायला बघायचं, पाय जागचे हलायचे नाहीत. मी हात धरून ओढायचे, तसे ते आणखीच घट्ट व्हायचे. 'अहो, उचला ना पाय,' म्हणून मी ओरडायचे. ते म्हणायचे, 'अगं, मोटर चालू आहे, बेल्ट सुटलाय.' एकदा बाथरूमच्या दारात असेच अडकले असताना तोल गेला आणि कपाळाला खोक पडली. त्यानंतर त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. खिडकीशी खुर्ची ओढून दिवसभर रस्ता बघत बसायचे. ज्या माणसाने सगळी नोकरी मशीनपुढे उभ्याने काढली, त्याला असं बसलेलं मला बघवत नव्हतं.

आमचा मुलगा संदीप उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे ऑफिसात होता आणि तिथेच राहायचा. त्याचा शेठ सिंधी, मनाने फार चांगला माणूस. त्याच्या नात्यातल्या कुणी तरी स्टेम सेलची ट्रीटमेंट घेतली होती. त्याने संदीपला समोर बसवून सांगितलं, 'अरे बेटा, पप्पा को ऐसे बिठा के मत रख. गोली से नहीं होता तो सेल डलवा दे.' संदीपने घरी येऊन सांगितलं तेव्हा मला बॅटरीतले सेलच आठवले. मग त्याने सायबर कॅफेत बसून सगळं वाचून काढलं, कागद छापून आणले. चाकाच्या खुर्चीतून उठलेली, हसणारी माणसं होती त्यांवर. मला इंग्रजी येत नाही, पण हसरा चेहरा कुठल्याही भाषेत हसराच दिसतो. बोलणं सोडून बसलेल्या माझ्या मनाला त्या चेहऱ्यांनी एकदम पालवी फुटली.

आम्ही ह्यांना घेऊन शेठने सांगितलेल्या दवाखान्यात जाऊन आलो. तो कुठला ते सांगत नाही. आता तो तिथे आहे की नाही हेही मला ठाऊक नाही. गार हवा, काचेची दारं आणि टाय लावलेला एक गोड बोलणारा माणूस. त्याने आम्हाला मराठीतून समजावलं. कमरेच्या हाडातला मगज सुईने थोडा काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करून पाठीच्या कण्यात सोडायच्या, तिथून त्या आपोआप वर मेंदूत जातात आणि मेलेल्या पेशींची जागा घेतात. 'स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, मावशी,' तो म्हणाला. 'मूळ आलं की सगळं परत येतं. काका पळायला लागतील.'

आता ह्या शब्दाचं सांगायला हवं. माझं माहेर जुन्नरकडचं. आमच्याकडे सासरी गेलेल्या मुलीला न्यायला माहेराहून माणूस येतो, त्याला मूळ म्हणतात. मी नवी नवरी असताना पंचमीला भाऊ यायचा, आणि सासूबाई आतून हाक मारायच्या, 'अगं, तुझं मूळ आलंय!' त्या दोन शब्दांनी काय व्हायचं ते सासुरवाशिणीलाच विचारा. त्या गार खोलीत 'मूळ आलं की' एवढंच माझ्या कानांनी धरलं आणि डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, महादेवाने उत्तर दिलं. ह्या आजाराच्या सासरातून ह्यांना सोडवायला त्याने मूळ धाडलं. त्या माणसाने तो शब्द कुठल्याशा माहितीपत्रकातून उचलला असणार, पण मला तो थेट कैलासावरून आल्यासारखा वाटला. संदीपने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि पुढचा गुरुवार ठरून गेला.

परतीच्या रिक्षात मी आणि संदीप सारखे बोलत होतो. हे दोघांच्या मध्ये बसले होते. 'आता बरं वाटेल हो तुम्हाला,' मी म्हटलं. ते म्हणाले, 'हाडात भोक पाडणार म्हणतात.' आजाराने त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता, रिक्षाच्या फटफटीत तो विरून गेला. आम्हा दोघांपैकी कुणीच त्यांना परत काही विचारलं नाही. आनंदाच्या भरात माणसाला वाटतं, ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला वेगळं काय विचारायचं!

श्रावण चालू होता. गुरुवारच्या आधीच्या सोमवारी मी ठरवलं, ह्यांना घेऊनच मंदिरात जायचं. महादेवाशी आता बोलायला हरकत नव्हती, उलट मलाच थोडं ओशाळं वाटत होतं, आणि ते ह्यांच्या सोबतीने निभावेल असं वाटलं. ह्यांना बाहेर काढणं म्हणजे केवढा घाट. जिना उतरताना मात्र काही अडचण आली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. खाली ओळखीचा रिक्षावाला उभा होता, त्याने हाताला धरून बसवलं आणि अंबरनाथपर्यंत खड्डे चुकवत सावकाश नेलं. मंदिराशी पोचल्यावर ह्यांनी सवयीने त्या जुन्या झाडाकडे बघितलं आणि म्हणाले, 'मी इथेच बसतो.' मी म्हटलं, 'आज नाही. आज आत यायचं. नमस्कार स्वतः सांगा.' ते आले बिचारे.

सभामंडपाच्या दाराशी त्यांचे पाय थांबले. काळ्या दगडाची सपाट फरशी, पुढे थोडा अंधार, मागे श्रावणातली रांग. हे मध्येच उभे, पुढे वाकलेले, पाय रोवलेले. मी हात धरून ओढलं. ते हलेनात. 'काकांना जरा बाजूला घेता का?' असं मागून कुणी तरी म्हणालं. कुणी म्हणालं, 'अहो, उचलून घ्या त्यांना.' त्यांच्या मानेवर घाम आला. मला लोकांची लाज वाटली आणि लाज वाटल्याचा राग आला, तो राग परत ह्यांच्यावर निघाला. 'चला ना हो, दोन पावलं राहिली,' म्हणून मी आणखी जोरात ओढलं. ते हळूच म्हणाले, 'तू जाऊन ये. मला राहू दे.' त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. पस्तिशीची असेल, पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी, बरोबर तिची म्हातारी आई. तिने माझ्या हाताला हात लावला. 'आंटी, ओढू नका. सोडा त्यांचा हात.' बोलणं उल्हासनगरचं, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. मग ती ह्यांच्या बाजूला उभी राहिली आणि खाली बोट दाखवून म्हणाली, 'अंकल, नीचे देखो. कुणी तरी रांगोळी काढलीय. तिच्यावर पाय नका देऊ हं. ओलांडून जा.'

मी खाली बघितलं. खरंच रांगोळी होती. गोपद्मं होती. चातुर्मासात बायका व्रत घेतात आणि रोज देवापुढे रांगोळीने गाईची पावलं काढतात, त्यांना गोपद्म म्हणतात. पण ती नेहमी कडेला, कुणाचा पाय लागणार नाही अशा जागी काढलेली असतात. त्या दिवशी कुण्या बाईने ती दारात आडवी काढली होती, एकापुढे एक, बारीक ओळी. मी इतका वेळ ह्यांच्या तोंडाकडे आणि लोकांच्या तोंडाकडे बघत होते, पायाखाली बघितलंच नव्हतं. ह्यांनी खाली बघितलं. रांगोळीवर पाय पडू नये हे आपल्याकडे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं, देव मानणाऱ्याच्या आणि न मानणाऱ्याच्याही. त्यांनी उजवा पाय उचलला, चांगला गुडघ्यातून उचलला, आणि पहिली ओळ ओलांडली. मग डावा. मग पुढची ओळ. माझ्या हाताशिवाय, कुणाच्याच हाताशिवाय ते दारातून आत गेले.

गाभाऱ्याच्या पायऱ्याही ते न अडखळता उतरले. मी मागून 'जपून, जपून' करत राहिले आणि ते खाली पोचून माझी वाट बघत उभे राहिले. मी पिंडीपुढे गेले आणि मला रडू फुटलं. मनातल्या मनात मी बोलायला लागले, पण काय बोलले ते आज आठवत नाही, इतकं सगळं एकदम आलं. एवढं आठवतं की, मी म्हटलं, रागावले होते रे तुझ्यावर. शेजारी ह्यांनी हात जोडले होते. त्यांचा थरथरता हात दुसऱ्या हाताने धरला होता, म्हणून तोही नमस्कारच दिसत होता. वर आल्यावर मी गुरुजींना विचारलं, ती गोपद्मं कुणी काढली. ते म्हणाले, 'कोण बाई आहे काय माहीत, सकाळी येऊन काढून जाते. आज तिथे कशी काढली कळत नाही, पुसणारच होतो.' ह्यावर मी काही म्हणत नाही. जसं घडलं तसं लिहिलं.

ती बाई आणि तिची आई बाहेर झाडाच्या पारावर बसल्या होत्या. मी तिच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. तिचं नाव कविता. तिने सांगितलं की, तिच्या वडिलांना हाच आजार होता. 'बाबांचं सेम असं होतं, आंटी. सपाट जमिनीवर लॉक, आणि जिना चढायला एकदम ओके. आपण विचार न करता चालतो ना, तो डोक्यातला रस्ता ह्यांचा बंद पडतो. डोळ्याला ओलांडायला काही दिलं की दुसऱ्या रस्त्याने काम होतं. आम्ही घरात फरशीवर पॅकिंगची टेप लावली होती, पट्ट्या पट्ट्या.' मला तेव्हा आमचा जिना आठवला. किती साधी गोष्ट, आणि इतकी वर्षं डोळ्यांपुढे असून दिसली नव्हती.

मी आनंदात होते, म्हणून बोलून गेले, 'आता पट्ट्यांचीही गरज नाही गं. गुरुवारी ह्यांना मूळ पेशी देणार आहेत. स्टेम सेल.' तिचा चेहरा उतरला. कुठे, कोण, कशा देणार, असं तिने विचारलं, आणि मी टायवाल्याने सांगितलेलं सगळं तिला म्हणून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'आंटी, मी तेच काम करते.' मुंबईला एका संशोधनसंस्थेत ती मेंदूतल्या मूळ पेशींवरच काम करत होती. पूर्वी मोठे मोठे डॉक्टरही म्हणायचे की मोठ्या माणसाच्या मेंदूत नवीन काही उगवत नाही. आता कळलंय की उगवतं. खोल एका कोपऱ्यात अशा थोड्या पेशी म्हातारपणीसुद्धा असतात. त्या काचेच्या बशीत वाढवता येतात. पण वाढल्यावर कुणी काय व्हायचं आणि कुठे जाऊन कामाला लागायचं, हे त्यांना सांगायची युक्ती अजून नीट साधलेली नाही. काही भलतंच काही होतात, पुष्कळ मरतात. 'सगळं अजून लॅबमध्ये आहे, आंटी. आणि कमरेच्या हाडातल्या पेशी तर वेगळ्याच. त्या पाठीत सोडल्या आणि मेंदूत जाऊन बसल्या, असं कुणी दाखवलेलं नाही. दवाखान्यात विचारा, आधी ज्यांना दिल्या त्यांचं पुढे काय झालं. सुई पाठीत जाणार आहे, त्याचा धोका अंकलचा आहे.'

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. देवाच्या दारात, एवढं शुभ घडल्यावर, ही बाई तोंड कडू करते! मी तडकाफडकी म्हटलं, 'तुझ्या वडिलांना मिळालं नाही म्हणून आमच्या ह्यांनाही मिळू नये का?' तिची आई चमकून माझ्याकडे बघायला लागली. कविता मात्र चिडली नाही. तिच्या हिंदीत म्हणाली, 'आंटी, मेरे हाथ में होता तो सबसे पहले बाबा को देती. मी लॅबमधून घरी आले की ते रोज विचारायचे, बेटा, हुआ क्या? आणि मी रोज सांगायचे, नहीं बाबा, अभी नहीं. गेले तोपर्यंत हेच चाललं.' तिच्या आईने पदराने डोळे पुसले. मला तिथल्या तिथे जमिनीने गिळावं असं झालं.

आणि मग हे बोलले. बारीक आवाजात, पण एकेक शब्द सुटा. 'मला नाही जायचं तिकडे.'  ते म्हणाले, 'त्या दिवसापासून सांगायचंय. तुम्ही दोघं एवढे खूश होता. अगं, जी पोरगी स्वतःच्या बापाला अजून नाही म्हणून सांगते, ती मला कशाला फसवेल?' त्यांचं एवढं मोठं बोलणं मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मला कळलं की ह्या सगळ्या धावपळीत ज्यांच्या हाडात भोक पडणार होतं, तेच गप्प होते. मी पदर तोंडाला लावला. मूळ आलं होतं, ते खरंच. मी फक्त ते काचेच्या दारातून येईल म्हणून तिकडे बघत बसले होते.

संदीपला समजावणं सोपं नव्हतं. तो भडकला. 'कोण कुठली बाई देवळात भेटते आणि तुम्ही ठरलेलं मोडता? शेठने स्वतः फोन केलाय तिकडे!' त्याचंही चूक नव्हतं. बापासाठी काही तरी करायला मिळतंय, हाच त्याचा आधार होता, आणि तोच आम्ही काढून घेत होतो. दवाखान्यातून फोन आले, जागा जाईल म्हणाले. ह्यांनीच शेवटी संदीपला जवळ बसवलं. 'मी अजून आहे ना रे ह्या घरात? मग मलाच विचार.' तो उठून निघून गेला. गुरुवार आला आणि गेला.  चुकलो तर नाही ना, एका अनोळखी पोरीच्या शब्दावर ह्यांचं बरं होणं घालवलं तर नाही ना, असं त्या दिवशी सकाळपासून सारखं मनात येत होतं. मी देवापुढे बसले आणि म्हटलं, मला ह्यातलं काही कळत नाही, तुझं तू बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न मागता देवापुढून उठले. उठले आणि स्वयंपाकाला लागले.

चातुर्मास सुरू होऊन गेला होता, तरी मी गोपद्मांचं व्रत धरलं. उशिरा धरल्याबद्दल महादेव काही म्हणायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. सकाळी आंघोळ झाली की घरातल्या प्रत्येक दारात मी गाईच्या पावलांच्या ओळी काढायचे, हॉलच्या, स्वयंपाकघराच्या, बाथरूमच्या. हे खुर्चीतून बघायचे आणि सूचना करायचे. 'ही ओळ वाकडी आलीय. दोन्हीमधलं अंतर सारखं ठेव. ही गाय लंगडते का तुझी?' त्यांची जुनी स्टीलची पट्टी काढून मला मापं घ्यायला लावली. अंतर कमी झालं तर पाय अडखळतो, जास्त झालं तर पोचत नाही, असं त्यांनीच चालून चालून बसवलं. आमचं भांडण व्हायचं त्यावर, चांगलं तोंडाला तोंड देऊन भांडण. कित्येक वर्षांनी घरात कामाची अशी कटकट झाली, आणि ती ऐकताना मला इतकं बरं वाटायचं की मुद्दाम एखादी ओळ तिरकी काढायचे.

एका रविवारी संदीप आला. रागातच होता. ह्यांना वाटलं असेल, दाखवावं. ते खुर्चीतून उठले आणि स्वयंपाकघरापर्यंत पावलं ओलांडत गेले आणि आपले आपण पाण्याचा पेला भरून घेऊन आले. थोडं सांडलं.  संदीप उठून बाहेर गेला, आणि आला तो पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन. 'रांगोळी पुसली जाते गं, आई,' एवढंच म्हणाला. पुढचा अख्खा दिवस बापलेक फरशीवर होते, एक पट्टी धरून ओरडणारा आणि एक ऐकणारा. कार्तिकात लोकांचा चातुर्मास संपला, आमचा काही संपला नाही. पाहुणे विचारतात, घरात हे झेब्रा क्रॉसिंग कशाला? मी म्हणते, आमच्याकडे गाय येते.

दिवाळीनंतर कविता आईला घेऊन घरी आली. ह्यांच्या गोळ्या तिने बघितल्या, आणि डॉक्टरांना वेळा विचारून घ्या म्हणाली. डॉक्टरांनी त्या बदलून दिल्या, त्याचाही फरक पडला. त्या दिवशी ह्यांनी तिला तिच्या कामाचं खोदून खोदून विचारलं. मशीन कसं आहे हे विचारावं तसं विचारत होते. तिने सांगितलं की, पेशी उंदरांना देऊन बघतात. आजार करायचा, पेशी द्यायच्या, मग ते कसे चालतात ते बघायचं. मागच्या खेपेला दोघं-तिघं चांगले चालले, बाकीच्यांना काहीच फरक नाही, आणि का ते अजून कळत नाही. 'मग त्यांचं पुढे काय होतं?' ह्यांनी विचारलं. ती थोडी घुटमळली. मेंदूत पेशी कुठे गेल्या ते बघायचं म्हणजे उंदीर जगत नाही, असं तिने सांगितलं.  हे म्हणाले, 'म्हणजे माझ्या नंबराच्या आधी ते उभे आहेत.'

ह्याला आता दोनेक वर्षं होतील. आजार थांबलेला नाही, तो थांबणारा नाहीच. पट्ट्यांवरही आता पाय कधी कधी अडतो, आवाज आणखी बारीक झालाय. कविताचं कामही चालू आहे. फोनवर मी विचारते, 'झालं का गं?' आणि ती म्हणते, 'अभी नहीं, आंटी.' पूर्वी असं उत्तर ऐकलं असतं तर मी देवाशी वर्षभर अबोला धरला असता. आता मला त्यात फसवणूक वाटत नाही. कुणी तरी खरं बोलतंय आणि काम करतंय, ह्याचा आधार वाटतो. मिळालं तेही काही थोडं नाही. ह्यांच्या पाठीत सुई गेली नाही. घरात ते आपले आपण फिरले, पाणी घेतलं, माझ्या ओळींना नावं ठेवली, आणि त्यांना काय हवंय ते स्वतः सांगायला लागले. मी मागितलं होतं एक आणि त्याने दिलं दुसरं, पण जे दिलं ते रोज हातात घेता आलं. त्याबद्दल माझा माथा त्याच्या पायरीवर टेकलेलाच असतो.

सोमवार चालू आहेत, बोलणंही चालू आहे. फक्त ह्यांना बरं कर, एवढंच मागणं आता नाही. मागच्या श्रावणात मी निघताना ह्यांनी हाक मारली. 'नमस्कार सांग,' म्हणाले, आणि मग, 'आणि त्या उंदरांचंही सांग. त्याच्या लेकाचंच वाहन आहे ना, ओळख निघेल.' बेलाला तीन पानं असतात. पहिलं पान मी कविताच्या हातांना यश येऊ दे म्हणून वाहते, आमच्या वेळेत नाही तर ज्याच्या वेळेत होईल त्याच्यासाठी. दुसरं उंदरांसाठी. तिसरं ह्यांच्यासाठी. क्रम त्यांनीच लावून दिलाय, आणि स्वतःचं नाव शेवटी घ्यायला सांगितलंय.